साडेतीन तासांनंतर: पहिल्या पेंटानंतर मान टाकलेल्या बाळाचं प्रकरण

दुपारी सव्वातीनला मोटारसायकल थेट आरोग्य केंद्राच्या पायरीला लागली. मागे आजी, आजीच्या पदराखाली दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. आजी बाळाकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. बाळ गेलंय असं ज्यांच्या मनाने घेतलंय ती माणसं बाळाकडे बघत नाहीत, हे मी याआधीही पाहिलं होतं. "सकाळी सुई दिली, आन् आता मान टाकलीया," एवढंच ती म्हणाली.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, उन्हाळा टँकरवर काढणारं हे गाव. मी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी. ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि माणसांचं नाव गाळलं आहे.

मुलगी, वय ४७ दिवस, पहिलटकरणीचं बाळ. दिवस पूर्ण भरलेले, जन्मवजन २ किलो ७०० ग्रॅम. त्या दिवशी अंगणवाडीतल्या सत्रात वजन भरलं ४ किलो १००. सव्वाअकराच्या सुमारास तिला दीड महिन्याच्या लसी मिळाल्या: पोलिओ आणि रोटाचे (जुलाबाच्या विषाणूवरचे) थेंब, उजव्या दंडावर कातडीत आयपीव्ही (पोलिओचीच टोचायची लस), उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोकोकस जंतूवरची लस), डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट. गावात हिला नुसतं 'पेंटा' म्हणतात. एका टोचणीत पाच आजार: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूचा न्यूमोनिया-मेंदूज्वर.

लस दिल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. आई दहा मिनिटं थांबली, कारण वडापची जीप सुटत होती आणि पुढची दोन तासांनी होती. घरी पोचेपर्यंत बारा. बाळ किरकिरत होतं, अंगावर प्यायलं, पुन्हा रडलं, दोनच्या पुढे झोपलं. पावणेतीनला मोठ्या जावेने सहज झोळीत डोकावलं तर बाळ पांढरं फटक. हलवलं तर हात-पाय लोंबकळले. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. चुलत्याने मोटारसायकल काढली. नऊ किलोमीटर.

टेबलावर घेतलं तेव्हा ओठ फिके होते, निळे नव्हते. हात उचलून सोडला की ओल्या फडक्यासारखा खाली. हाक मारली, टाळी वाजवली, काही नाही. तळव्याला टिचकी मारल्यावर डोळे किलकिले झाले आणि कण्हल्यासारखा आवाज आला. श्वास उथळ, पण एका लयीत. नाडी १४८, हाताला भरलेली. ऑक्सिजन ९७, ताप १००.४, ग्लुकोमीटरवर साखर ८६. टाळू सपाट. अंगावर गांधी नाहीत, पापण्या-ओठ सुजलेले नाहीत, छातीत घरघर नाही. डाव्या मांडीवर रुपयाएवढी लाली.

ॲड्रेनलिन भरून ठेवलं होतं. दिलं नाही. लसीची जीवघेणी ॲलर्जी, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांत, फार तर तासाभरात उफाळते. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, नाडी हाताला लागेनाशी होते. इथे साडेतीन तास उलटून गेले होते आणि नाडी ठणठणीत होती. तरीही सिरिंज बाळाच्या उशाशीच ठेवली. खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं माझा माझ्या निदानावर पूर्ण विश्वास नव्हता.

पावणेचारला गालांवर रंग आला. आई मागून दुसऱ्या गाडीने पोचली होती, चारला बाळाने तिच्या अंगावर तोंड लावलं. १०८ बोलावून बाळाला उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं. आता तर बरं दिसतंय मग भरती कशाला, असं चुलता म्हणाला. दीड महिन्याच्या बाळाला ताप असला आणि सकाळीच लस झालेली असली, तर हा ताप लसीचाच असं धरून चालणं सगळ्यांत धोक्याचं. या वयात रक्तात जंतू पसरले तरी बाळ असंच मलूल पडतं. लसीवर ढकलून आपण दुसराच आजार चुकवू शकतो. रक्त तपासलं, कॅल्शियम पाहिलं, कल्चर लावलं. काहीच निघालं नाही. तिसऱ्या दिवशी बाळ घरी गेलं तेव्हा आजीचं बोट मुठीत घट्ट धरून होतं.

सत्रावरच्या सिस्टर तोवर दारातच उभ्या होत्या. अकरा वर्षं टोचणी करणारी बाई. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की नर्सबाईने चुकीची सुई दिली.

चूक झाली का, हेच आधी बघायचं असतं. बाळ भरती झालं की ती लसीकरणानंतरची गंभीर घटना ठरते आणि पहिला अहवाल चोवीस तासांत वर जावा लागतो. त्या फॉर्मच्या मागे पाच शक्यता असतात: लसीचाच गुणधर्म, लसीच्या दर्जातला दोष, देण्यातली चूक, सुईची भीती आणि निव्वळ योगायोग. भीती दीड महिन्याच्या बाळाला लागू नाही. उरल्या चार.

त्या रात्री आशाताईंना घेऊन मी त्याच कुपीतून डोस मिळालेल्या उरलेल्या सहा बाळांच्या घरी गेलो. दोघांना ताप, एकाच्या मांडीला गाठ, एक रडून रडून नुकतंच झोपलेलं, दोन खेळत होती. कुपीवरचा व्हीव्हीएमचा, म्हणजे लसीला उष्णता लागली का ते दाखवणारा, चौकोन ठीक होता, मुदत बाकी होती. पेंटाला थंडीने नव्हे, गोठण्याने इजा होते, म्हणून शेक टेस्ट, म्हणजे कुपी हलवून गाळ कसा बसतो ते बघायची चाचणी, केली. गोठलेली नव्हती. ही लस तयार द्रव असते, तिच्यात काही मिसळावं लागत नाही, त्यामुळे दुसऱ्याच औषधाने पातळ करण्याची चूक इथे संभवत नव्हती. अशा चुका होतच नाहीत असं मी कुणाला सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यात जानेवारी २०२१ मध्ये बारा मुलांना पोलिओऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले होते. मुलं सुखरूप राहिली, पण झालं ते झालं. त्यामुळे गावाने नर्सबाईवर संशय घेतला तर त्याचा राग यायचं कारण नाही. कुपी दाखवावी.

जायफळ

बाळ घरी आल्यावर मी भेटायला गेलो. निघताना आजी ओट्यापर्यंत आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टर, येक सांगायचं ऱ्हायलं." दोनच्या सुमाराला पोर रडायचं थांबेना म्हणून तिने सहाणेवर जायफळाचे दोन वेढे उगाळून आईच्या दुधातून चाटवले होते.

आता हे मोठंच निघालं. जायफळाने गुंगी येते, म्हणूनच तर ते गुटीत असतं. मी ही गोष्ट एका वरिष्ठांना फोनवर सांगितली. ते म्हणाले, "मग सुटलो की! जायफळावर टाका." हसत म्हणाले, पण पूर्ण गमतीने नाही. मलाही क्षणभर मोह झाला. एका ओळीत लस सुटत होती, सिस्टर सुटत होत्या, मी सुटत होतो. अडकणार होती फक्त आजी.

पण बाळ जायफळाने पेंगतं, हळूहळू. अचानक पांढरं पडून लोळागोळा होत नाही आणि तासाभरात असं लख्ख जागं होत नाही. तेवढेच वेढे आजीने आधी तीनदा दिले होते, काही झालं नव्हतं. उलट ही वेळ, हा रंग, ही ढिलाई आणि हे पूर्ण सावरणं पुस्तकातल्या एका वर्णनाशी तंतोतंत जुळत होतं. मी फॉर्मवर जायफळ लिहिलं, वेळेसकट. आणि माझं मत वेगळं लिहिलं: लसीमुळे. आजीला सांगितलं की हे तुमच्यामुळे झालेलं नाही, पण एवढ्या लहान बाळाला जायफळ परत देऊ नका, कारण मग ते झोपलंय की बेशुद्ध आहे हे आम्हालाही कळत नाही. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग चहा ठेवला.

हे वर्णन कशाचं

इंग्रजी नाव लांबलचक आहे: हायपोटोनिक-हायपोरिस्पॉन्सिव्ह एपिसोड. आम्ही एचएचई म्हणतो. लस दिल्यापासून ४८ तासांच्या आत तीन गोष्टी एकदम होतात: अंग ढिलं पडतं, रंग उडतो, प्रतिसाद मंदावतो. मुख्यतः डांग्याचा संपूर्ण मृत जंतू असलेल्या लसीनंतर, आणि जास्त करून पहिल्या डोसला. आपल्या सरकारी पेंटात हाच घटक आहे. असं नेमकं का होतं ते अजून उलगडलेलं नाही. अमेरिकेत १९९६ ते १९९८ मधल्या अशा २१५ मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लस आणि घटना यांत मध्यक अंतर निघालं २१० मिनिटं. म्हणजे साडेतीन तास. आमच्या बाळाचं सव्वाअकरा ते पावणेतीन. जवळजवळ सगळी मुलं पूर्ववत झाली होती.

किती वेळा होतं? जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला पल्ला मोठा आहे: दहा लाख डोसांमागे ५७ ते २५०. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पंधरा हजारांवर डोसांच्या अमेरिकी पाहणीत तर ते प्रमाण दर १,७५० डोसांमागे एक आलं होतं. बारकाईने पाहिलं की जास्त सापडतं, हे त्यामागचं एक कारण असावं. दहा लाख हा आकडा माझ्या डोक्यात बसत नाही, म्हणून मी तो केंद्रापुरता करून पाहिला. आमच्याकडे वर्षाला साधारण ४५० बाळं, प्रत्येकी तीन डोस, म्हणजे १,३५०. संघटनेच्या पल्ल्याने तीन वर्षांत एक ते तेरा वर्षांत एक. सिस्टरांच्या अकरा वर्षांत हे पहिलंच दिसलेलं. न दिसलेली किती असतील? झोळीत बाळ पांढरं पडलं, कुणी डोकावलं नाही, तासाभराने उठून रडलं.

आम्ही अर्धा तास थांबवतो तो ॲनाफिलॅक्सिससाठी. ते योग्यच आहे. पण एचएचई येते त्या वेळी आई घरी पोचलेली असते, भाकऱ्या थापत असते, आणि बाळ शांत झोपलंय म्हणून घर सुटकेचा श्वास टाकत असतं. आमचा अर्धा तास आणि हिचे साडेतीन तास यांची गाठच पडत नाही.

वडिलांचा फोन

पुढचा डोस अडीच महिन्यांचा. त्याच्या आधी मी त्यांच्या सोप्यात बसलो होतो. वडील पिकअप चालवतात, शांत माणूस. त्यांनी फोनवरचा एक व्हिडिओ दाखवला: डांग्याच्या लसीने मुलांचा मेंदू जातो, परदेशात हे सिद्ध झालंय. "हे खोटंय का, सायेब?"

नुसतं खोटं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण या गोष्टीला खरा इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय ती सुटत नाही. १९७४ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ३६ मुलांबद्दल लिहिलं. त्यांना डांग्याच्या लसीनंतर झटके आले होते, मेंदूचे त्रास सुरू झाले होते. वर्तमानपत्रं, दूरदर्शन, पालकांची आंदोलनं. काही वर्षांत तिथलं डांग्याचं लसीकरण सुमारे ८० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर घसरलं, आणि १९७७ ते १९७९ च्या साथीत लाखावर रुग्णांची नोंद झाली. जपानमध्ये १९७४-७५ च्या हिवाळ्यात लसीनंतर दोन बाळं दगावली, लस काही काळ थांबली, नंतरही लोकांनी पाठ फिरवली. १९७९ साली तिथे डांग्याचे १३ हजार रुग्ण आणि ४१ मृत्यू. ती दोन बाळं लसीने गेली असं सिद्ध झालं नव्हतं. ही ४१ डांग्याने गेली.

आणि त्या मेंदू गेलेल्या मुलांचं काय? २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी, लसीमुळे मेंदूला इजा झाली असं मानलेल्या १४ जणांची जनुकं तपासली. अकरा जणांत एससीएन१ए या एकाच जनुकात बिघाड सापडला. तो असलेल्या मुलाला कोणत्याही तापात झटके सुरू होतात, लसीच्या तापातही. लस दिली नसती तर पुढच्या सर्दीतापाला झाले असते. त्या आईबापांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. लस दिली आणि झटका आला, हे खरंच होतं.

श्रीलंकेची गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण ती या घराच्या जवळची. तिथे पेंटा जानेवारी २००८ मध्ये सुरू झाली आणि काही मृत्यू व अशाच अंग ढिलं पडण्याच्या घटनांचे अहवाल आल्यावर त्याच वर्षी एप्रिलमध्ये थांबवली. तज्ज्ञांनी तपासून २०१० मध्ये ती परत सुरू झाली. वडिलांना हे आवडलं. "म्हंजे थांबवत्यात खरं," ते म्हणाले. लस थांबवून तपासणारं सरकार त्यांना लसीला कधीच हात न लावू देणाऱ्या सरकारपेक्षा भरवशाचं वाटलं. मलाही तसंच वाटतं.

आई तोवर एक शब्द बोलली नव्हती. बाळ मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "डॉक्टर, असं होऊ शकतं हे तुम्हाला आधी माहिती होतं का?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. सत्रावर चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, पुढची कधी, कोणते त्रास होऊ शकतात, कार्ड जपून ठेवा. तिसऱ्या गोष्टीत आपण ताप, गाठ, किरकिर एवढंच सांगतो. हजारो डोसांत एकदा होणारं सांगून सगळ्या आयांना घाबरवायचं कशाला, अशी त्यामागची समजूत. मी हे सगळं तिला सांगितलं नाही. चुकलं म्हणालो. तिला सांगितलं असतं तर ती जीपसाठी उठली असतीच, पण झोळीत दर पाव तासाला डोकावली असती, आणि बाळ पांढरं पडलेलं दिसल्यावर मेलंय असं समजून त्या घराने तो अर्धा तास काढला नसता.

तागडी

पर्याय मोजकेच होते. लस पूर्ण सोडणं हा एक. डांग्याचा भाग वगळून बाकीच्या लसी वेगवेगळ्या देणं हे कागदावर शक्य असतं, पण लहान बाळाची नुसती घटसर्प-धनुर्वाताची लस आमच्या शीतपेटीत नसते. सहा महिन्यांपर्यंत थांबणं हे वडिलांच्या मनात होतं: "जरा मोठी होऊ द्या, अंगात ताकद येईल." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण डांग्या मारतो तो मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत. विकसनशील देशांत वर्षाआतल्या बाळांत शंभर रुग्णांमागे चारपर्यंत मृत्यू होऊ शकतात. इतक्या लहान बाळाला तो ओळखीचा लांब सूर काढणारा खोकला येतच नाही कधी कधी, थेट श्वास थांबतो. आपल्या सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला टीडी मिळते, ती घटसर्प-धनुर्वाताची. डांग्याचं संरक्षण आईकडून बाळाकडे फारसं येत नाही. थांबलो तर ज्या महिन्यांसाठी लस आहे तेच महिने उघडे पडतात.

पुन्हा असंच झालं तर? नेदरलँड्समध्ये एचएचई झालेल्या ८४ मुलांना पुढे डांग्याचे डोस दिले, तेव्हा एकालाही ते पुन्हा झालं नाही. कधीच होत नाही असं मी म्हणालो नाही, क्वचित होतं म्हणालो. पूर्वी असं झालेल्या मुलाचा डांग्याचा डोस बंदच करत असत. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीने ते 'देऊ नये' या यादीतून काढून 'विचार करून द्यावं' या यादीत टाकलं. आज पक्की मनाई दोनच कारणांनी: आधीच्या डोसाला ॲनाफिलॅक्सिस, किंवा सात दिवसांत दुसऱ्या कारणाने न उलगडणारा मेंदूचा गंभीर आजार.

राहिली 'न दुखणारी लस'. शहरातल्या दवाखान्यांत मिळते, डांग्याचे निवडक तुकडे वापरून केलेली. ताप कमी, सूज कमी, एचएचईही कमी. शून्य नाही. तालुक्यात तिचा भाव तेव्हा डोसाला साडेतीन-चार हजार होता. दुसरी बाजू अशी की तिचं संरक्षण लवकर ओसरतं. ती लस वापरणाऱ्या कॅलिफोर्नियात २०१० साली डांग्याचे नऊ हजारांवर रुग्ण आणि दहा बाळांचे मृत्यू झाले. बूस्टर वेळच्या वेळी मिळणार असतील आणि पैसे असतील तर ती निवड चूक नाही, असं मी वडिलांना स्पष्ट सांगितलं. बालरोगतज्ज्ञही अशा बाळासाठी ती सुचवू शकतात. पण माझं बाळ असतं तर? त्यांनी विचारलंच. मी म्हणालो, मी सरकारी पेंटाच दिली असती, फक्त दवाखान्यात बसून, संध्याकाळपर्यंत.

माझ्या या आकड्यांनी सोप्यात फारसं काही हललं नाही, हेही नोंदवतो. आजी मधेच बोलली. तिच्या नणंदेचं पोर डांग्याने गेलं होतं. "म्हैना-दीड म्हैना खोकत व्हतं. गाढवीचं दूध पाजलं, समदं केलं. खोकता खोकता निळं पडायचं आन् मान टाकायचं. परत उठायचं. परत मान टाकायचं. येक दिस उठलं न्हाई."

जाऊ म्हणाली, "आत्या, हे कधी सांगितलं नव्हतं तुम्ही."

"कुणी इचारलं?"

दुसरा डोस

तो तीन दिवस उशिरा, ७८ व्या दिवशी दिला, उपजिल्हा रुग्णालयाच्या बालविभागात, साडेदहा वाजता. सिस्टर स्वतःची रजा टाकून आल्या होत्या. आधी पॅरासिटामॉल पाजावं का, हे आईने विचारलं. आधी नाही, ताप आला तर. ताप यायच्या आधीच दिल्याने काही लसींचं प्रतिपिंड बनणं थोडं कमी होतं, असं २००९ च्या एका चाचणीत दिसलं आहे. आला तर वजनानुसार, किलोमागे १५ मिलिग्रॅम. चार किलो ९०० ला साधारण तीन मिली सिरप (५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं). थेंबांची बाटली वेगळी असते, ती सिरपच्या चौपट तीव्र. तीच तीन मिली पाजलेली बाळं मी पाहिली आहेत, म्हणून कार्डावर 'सिरप' हा शब्द दोनदा लिहून दिला.

बाळ रडलं, प्यायलं, साडेबाराला झोपलं. साडेतीन तास म्हणजे दोन. दीडपासून कुणी बोलेना. वडील उठून बाहेर गेले आणि परत आले. आजीने बाळाचं पाऊल मुठीत धरलं होतं आणि दर थोड्या वेळाने अंगठ्याने तळवा दाबत होती. बाळ पाय आखडून घ्यायचं. दोन वाजून दहा मिनिटांनी तिने तळवा जरा जास्तच दाबला, बाळ उठून किंचाळलं. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. आजीने भाकरीचं फडकं सोडलं.

संध्याकाळी १०१ ताप आला, रात्री उतरला. तिसरा डोस साडेतीन महिन्यांच्या पुढे, आमच्याच केंद्रात, काही झालं नाही. घटनेच्या वर्गीकरणाचा कागद बऱ्याच महिन्यांनी आला: लसीशी संबंधित. निर्णय तोवर घेऊन झालेला होता.

आता आमच्या सत्रावर पेंटाच्या पहिल्या डोसाला सिस्टर एक वाक्य जास्त सांगतात: "आजचा दिवस बाळाला एकटं झोपवू नका, अधूनमधून हलवून बघा, पांढरं पडलं, ढिलं पडलं तर कांदा-बिंदा करत बसू नका, आडवं ठेवा आणि लगेच फोन करा." कार्डाच्या मागे फोन नंबर असतो. या वाक्यामुळे कुणी लस न घेता उठून गेलेलं मी अजून पाहिलेलं नाही. मध्यरात्री फोन मात्र येतात, बहुतेक वेळा बाळ नुसतं गाढ झोपलेलं असतं.

एक बाकी आहे. जावेचा मुलगा त्या दिवशी सोळा महिन्यांचा होता, डीपीटीच्या, म्हणजे घटसर्प-डांग्या-धनुर्वाताच्या, बूस्टरचं वय झालेला. पुतणीचं पाहून तिने त्याला आणलं नाही. आता तो दोन वर्षांचा होऊन गेलाय. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस तिने घेऊ दिला, "डीपीटी नको, ती तापाची." पुढचं सत्र चौदा तारखेला आहे, आशाताई सांगून आल्यात.